वाळायला दोन दिवस लागतात

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय बुटकीस,

आपली शाळा जिंकली. काल दुपारी मुली बास्केटबॉलमध्ये राज्य विजेत्या झाल्या, बावन्न-एक्कावन्न, एका गुणानं. तुला हे कळलं असणारच. तरी मला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि इथे ज्याला सांगायला जावं त्याला आधीच माहीत असतं.

सहा फुटाला दोन बोटं कमी असलेल्या मुलीला बुटकी म्हणणारा बाप अजून हिंडता-फिरता आहे, एवढं या पत्रावरून समजून घे. पाट्या रंगवायचं काम चालू आहे. पूर्वीइतकं नाही, कारण आता लोक फ्लेक्स छापून घेतात, पण दुकानाच्या शटरवर फ्लेक्स चिकटत नाही, तेवढं माझं नशीब. शिडी चढायला अजून काही वाटत नाही. उतरताना देव आठवतो.

तुझा आताचा पत्ता गोटीकडून मिळाला. तिला आता गोटी म्हणायची चोरी आहे. ती शाळेत खेळाची शिक्षिका झालीये आणि हा संघ तिनंच चार वर्षं घासूनपुसून तयार केलाय. तुझ्या खांद्याला लागणारी, कोर्टभर घरंगळत फिरणारी ती पोरगी, आता तिनं शिट्टी फुंकली की अख्खं मैदान गप्प होतं. मुली तिला समोर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे गोटी मॅडम, म्हणजे नाव काही सुटलं नाही. मी तिच्याकडे तुझा फोन नंबर मागितला. म्हणाली, "काका, नंबर द्यायचा नाही असं तिनं बजावलंय. पत्त्याबद्दल मात्र ती काही बोललेली नाही." मग वहीचं पान फाडून लिहून दिला. अक्षर अजून कोंबडीनं पाय आपटल्यासारखं. घर नंबर एक आहे की नऊ ते कळेना, म्हणून परत जाऊन विचारून आलो.

अंतिम सामना शाळेच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवला. खुर्च्या कमी पडल्या. मी मागच्या दाराजवळ उभा होतो. शेवटचे सहा सेकंद राहिले तेव्हा आपण एका गुणानं मागे होतो, आणि त्यांच्या पोरीनं आपल्या एकीला ढकललं. पंचानं फाऊल दिला. दोन फ्री थ्रो. म्हणजे मध्ये कुणी आडवं येणार नाही, समोर डब्बा, हातात बॉल, आणि सगळी दुनिया गप्प. तुला काय सांगायचं म्हणा. थ्रो घ्यायला उभी राहिली ती बस कंडक्टरची मुलगी. पहिला रिंगला लागून बाहेर गेला. दुसऱ्याच्या वेळी मला तहान लागली म्हणून मी बाहेर नळावर गेलो.

तिथे असताना हॉलमधून आधी "अरे रे" ऐकू आलं आणि लगेच असा आरडाओरडा झाला की नळाचं पाणी माझ्या सदऱ्यावर सांडलं. दुसराही चुकला होता, पण परत आलेला बॉल दुसऱ्या एका मुलीनं हवेतच पकडून डब्यात टाकला होता. तो मी पाहिला नाही. आता मोबाईलवर जो तो मला दाखवतोय. एकूण अकरा वेळा पाहून झालाय.

तू अजून खेळतेस का? उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी काय करणार.

बाबा


बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय बुटकीस,

पहिलं पत्र मिळालं असेल असं धरून दुसरं लिहितोय. धरून चालायची मला सवय आहे, ते तुला माहीत आहे.

सोमवारी मिरवणूक निघाली. फर्निचरवाल्यानं त्याचा ट्रक दिला. सोफे वाहायचा ट्रक असल्यामुळे आत गाद्यांचे तुकडे पडले होते, त्यावर मुली उभ्या राहिल्या की डुलायच्या, आणि लोकांना वाटायचं नाचतायत. पुढे बँडवाले. त्यांना दोनच चाली येतात, त्यातली एक लग्नाची. चौकात पोचेपर्यंत दोन्ही संपल्या, मग त्यांनी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. गोटी ड्रायव्हरशेजारी बसली होती. तिला वर चढायचा आग्रह झाला तर खिडकीतून ओरडली, "मी वर आले तर दिसणार कुणाला?"

चौकात भला मोठा फ्लेक्स लावलाय. त्यावर अभिनंदन करणाऱ्यांचे चेहरे ताटाएवढे, आणि ज्यांचं अभिनंदन करायचं त्या मुली खाली शर्टाच्या बटणाएवढ्या. वरून डावी बाजू चार बोटं खाली. मी दोरी सैल करून नीट बांधून आलो. कुणी सांगितलं नव्हतं, पण येता-जाता डोळ्यात खुपत होतं.

चषक एवढा उंच आहे की शाळेच्या कपाटात मावेना. सुतार आला, त्यानं मधली फळी काढली, तरी वरचं झाकण टेकतंय. शेवटी झाकण वेगळं काढून शेजारी ठेवलंय. आता तो चषक सूप वाढायच्या भांड्यासारखा दिसतो. मुख्याध्यापिकाबाईंनी भाषणात "सोन्याचा दिवस" पाच वेळा म्हटलं. त्या दोन वर्षांपूर्वीच बदलून आल्यात, बाई चांगल्या आहेत.

ट्रकवरचं एक सांगतो. दोन्ही थ्रो चुकवलेली ती मुलगी सगळ्यांच्या मागे, ट्रकच्या कोपऱ्यात खाली मान घालून उभी होती. हार पुढच्यांच्या गळ्यात पडत होते. तिचा बाप, तो कंडक्टर, गणवेशातच आला होता, ड्यूटीवरून सुटून. गर्दीतून वाट काढत ट्रकवर चढला, तिचा हात धरून तिला पुढे आणलं आणि बसमध्ये तिकिटं विचारताना काढतो तसा आवाज काढून ओरडला, "माझ्या पोरीनं दोन्ही चुकवले म्हणून तर तिसरा पडला!" सगळा चौक हसला. ती पण हसली. मग मैत्रिणींनी तिलाच खांद्यावर घेतलं.

मी तिथून घरी आलो. पुढे काय झालं ते पाहिलं नाही.

काल बाईंनी बोलावून घेतलं. व्यायामशाळेची रस्त्याकडची लांब भिंत आहे ना, तिच्यावर "राज्य विजेते" असं मोठं लिहायचं, खाली बारा मुलींची नावं. दोन मार्चला, रविवारी, सत्कार समारंभ आहे, त्याआधी झालं पाहिजे. मी विचार करून सांगतो म्हणालो. बाईंना नवल वाटलं. म्हणाल्या, "पेंटर, यात विचार काय करायचाय?"

त्यांना कुणी काही सांगितलेलं दिसत नाही.

बाबा


रविवार, १६ फेब्रुवारी

बुटके,

आज सुट्टी आहे, पाऊणशे कामं पडलीयेत, आणि मी सकाळपासून या कागदासमोर बसलोय. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. मला तहान लागली नव्हती. पहिला थ्रो रिंगला लागून बाहेर आला तेव्हा माझे पाय आपोआप दाराबाहेर गेले. दुसरा बघायची माझ्यात ताकद नव्हती. नऊ वर्षांपूर्वीचे ते दोन मी पाहिले होते, तेवढे मला पुरे होते.

तुला माहीत आहे तेच पुन्हा लिहितोय, पण माझ्या तोंडून ते तू कधी ऐकलेलं नाहीस.

त्या वर्षी संघ अंतिम फेरीसाठी शुक्रवारी सकाळी निघणार होता, उपांत्य सामना त्याच संध्याकाळी, अंतिम शनिवारी होता, आणि रविवारी तुम्ही परत येणार होतात. ऑइल पेंट वाळायला दोन दिवस लागतात. दमट हवेत तीन. रविवारी तुमच्या स्वागताला पाहुणे येणार, फोटो निघणार, आणि भिंतीवर ओलं लाल टिपकत असणार, हे मला सहन होईना. म्हणून गुरुवारी मी कुणालाही न विचारता भिंत रंगवून टाकली. "राज्य विजेते", दोन-दोन फुटांची अक्षरं, लाल रंग, काळी सावली, खाली वर्ष. आयुष्यात मी तेवढं चांगलं अक्षर काढलं नव्हतं. त्या "ज्य"वर मी अर्धा तास घालवला होता. संध्याकाळी तुला मुद्दाम सायकलवर बसवून दाखवायला नेलं. तू बघितलंस आणि म्हणालीस, "बाबा, हे आत्ताच्या आत्ता पुसा." मी हसलो. म्हणालो, "तू जिंकून ये, बाकी माझ्यावर सोड."

शुक्रवारी दुपारी गेलो तर अक्षरांवर ताडपत्री टाकलेली. मला वाटलं धूळ बसू नये म्हणून शिपायानं लावली. मी त्याचे आभार मानले. त्यानंही मानू दिले.

शनिवारी तुम्ही एका गुणानं हरलात. चार सेकंद राहिले असताना तुला दोन फ्री थ्रो मिळाले आणि दोन्ही चुकले. रविवारी पाहुण्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी येऊन ताडपत्री ओढली. भिंतीवर "राज्य विजेते", आणि खाली तुम्ही बाराजणी बसमधून उतरताय. लोक हसले. मी त्याच दिवशी चुना फासला. पण लाल रंग चुन्याला दाद देत नाही, पुढचे दोन महिने तो गुलाबी होऊन दिसत राहिला. गावात मला "आगाऊ पेंटर" नाव पडलं. दुकानदार म्हणायचे, "आमच्या पाटीवर 'दुकान बंद झाले' असं आत्ताच लिहून ठेवू नका." हसण्यावारी नेतो असं दाखवायचो, आतून मात्र जळायचो.

आता खरं ते. त्या रविवारनंतरच्या बुधवारी चहाच्या टपरीवर चार-सहाजण बसले होते, त्यांनी मला धरलं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "माझ्या कामात खोट नव्हती. माझा हात बरोबर चालला. पोरीचा नाही चालला, त्याला मी काय करू? ऐन वेळी कच खाल्ली तिनं." असं सगळ्यांसमोर म्हणालो. बोलून मान वळवली तर शेजारच्या वाण्याच्या दुकानासमोर संघाचं निळं जाकीट घातलेली तू पाठमोरी उभी. तू वळून पाहिलं नाहीस. सरळ निघून गेलीस.

घरी आल्यावर तू काही बोलली नाहीस. मीही बोललो नाही. तुझी आई असती तर तिनं दोघांनाही समोरासमोर बसवलं असतं, पण ती जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती आणि घरात बोलणं सुरू करायचं काम तिचंच होतं. परीक्षा झाली, निकाल लागला, ब्रेडच्या कारखान्यात नोकरी मिळाली म्हणून तू गेलीस. मी स्टँडवर सोडायला आलो. तू खिडकीतून "येते" म्हणालीस. त्यानंतर आली नाहीस.

तो कंडक्टर ट्रकवर ओरडला ना, तेव्हा मला कळलं की त्या बुधवारी मी काय ओरडायला हवं होतं. त्याला काही सुचायला वेळ लागला नाही. मला नऊ वर्षं लागली.

चुकलं माझं. ही दोन अक्षरं लिहायला मला सकाळपासून बसावं लागलंय.

बाबा


गुरुवार, २० फेब्रुवारी

हात कसा आहे?

प्रिय बुटकी वगैरे नंतर. आधी हात कसा आहे ते सांग.

भिंतीचं काम मी सोमवारी घेतलं. नाही म्हणणार होतो, पण बाईंनी दुसऱ्या कुणाचं नाव काढलं आणि त्या माणसाची अक्षरं मला माहीत आहेत. मंगळवारी खडूनं रेघा मारल्या, काल मोठी अक्षरं भरली, आज मुलींची नावं लिहायला घेतली. गोटीनं यादी आणली. दुपारची सुट्टी होती, मुली आत सराव करत होत्या, बॉलचा आवाज येत होता. गोटी शिडी धरून खाली उभी राहिली. मी म्हटलं, "अगं, धरायची गरज नाही, तीस वर्षं चढतोय." ती म्हणाली, "असू दे काका. या शिडीचा मला अनुभव आहे."

मी विचारलं, कसला अनुभव. तिनं आधी आत सरावाकडे बघितलं. मग म्हणाली, "ती सांगू नको म्हणाली होती. पण तुम्ही तिला पत्रं लिहिताय हे मला माहीत आहे. तुम्ही काहीच माहीत नसताना लिहिताय, ते मला बघवत नाही."

मग तिनं सांगितलं, आणि मी शिडीच्या पाचव्या पायरीवर ब्रश हातात धरून ऐकलं.

ती ताडपत्री शिपायानं लावली नव्हती. तुम्ही दोघींनी लावली. शुक्रवारी सकाळी बस सातला निघणार होती, तुम्ही सहालाच शाळेत आलात, माझीच शिडी मागच्या पडवीतून काढलीत. गोटी म्हणाली, "ती म्हणत होती, आम्ही हरलो तर लोक बाबांना जगू देणार नाहीत. दोन दिवस झाकून ठेवू, जिंकलो तर तेच काढतील." तू वर, गोटी खाली. ताडपत्रीचं दुसरं टोक बांधताना शिडी सरकली. तू उजव्या हातावर पडलीस. उठून पुन्हा चढलीस आणि गाठ मारलीस. मग बसमध्ये बसलीस. सरांना म्हणालीस जुना लचका आहे. पट्टी बांधून उपांत्य सामना खेळलीस, पट्टी बांधूनच अंतिम खेळलीस. गोटी म्हणाली, "काका, तिला बॉल धरता येत नव्हता. फ्री थ्रोला तिनं माझ्याकडे बघितलं, तेव्हा मला कळलं की दोन्ही जाणार."

मी खाली उतरलो. आज उतरताना देव आठवला नाही, काहीच आठवलं नाही. राहिलेली नावं आजच पुरी करायला हवी होती, पण हातात ब्रश धरवेना. गोटीला सांगितलं की उद्या करतो.

घरी येऊन तुझी दोन पत्रं काढली. तू गेलीस त्या वर्षी पाठवली होतीस ती. मी त्यांना उत्तर दिलं नव्हतं, आणि का दिलं नव्हतं ते आज तुला सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. त्या पत्रांतलं अक्षर मला आवडलं नव्हतं. वाकडंतिकडं, ओळ खाली उतरलेली, काने लोंबलेले. तुझं अक्षर मी घडवलं होतं. पाटीवर गिरवून घेतलं होतं. मला वाटलं, बापाला लिहायचं म्हणून पोरीनं कसंबसं उरकून टाकलंय. मला ते अपमानासारखं वाटलं. दुसऱ्या पत्रात एक ओळ होती, "डॉक्टरांकडे जाऊन आले, आता बरं आहे, काळजी नको." मी धरून चाललो की ताप आला असेल.

सगळ्या गावाच्या पाट्या लिहिणारा माणूस मी. मुलीचं अक्षर का बिघडलं हे मला कळलं नाही. अक्षर बिघडलंय एवढंच कळलं.

तेव्हा तू घरी असताना तुझा हात सुजला होता का, हे मी संध्याकाळपासून आठवतोय. आठवत नाही. मी खरंच सांगतो, आठवतच नाही.

समारंभात माझाही सत्कार ठेवलाय, ज्येष्ठ पेंटर म्हणून. मी बाईंना सांगून आलो की मला जमणार नाही. आणि आठ मार्चला, शनिवारी, सकाळच्या बसनं मी तुझ्याकडे निघेन. दुपारी पोचतो. तुला फोन करून विचारू नको म्हणून गोटीला सांगितलंय, कारण तिनं आधीच तुझा एक शब्द मोडलाय. तुला नको असेल तर दोन ओळी पाठव, मी येणार नाही. दोन ओळी नाही आल्या तर येईन. दार उघडलं नाहीस तरी तुझी काही चूक नाही. मी पायरीवर थोडा वेळ बसेन आणि परतीची बस पकडेन.

बाबा


रविवार, २ मार्च

बाबा,

चारही पत्रं मिळाली. पहिलं वाचून ठेवून दिलं होतं, दुसरं वाचून हसले, तिसरं आणि चौथं परवा एकदमच आली, कारण मी आठ दिवस कारखान्याच्या कामाला बाहेरगावी होते.

हात बरा आहे. मनगटाच्या हाडाला बारीक चीर गेली होती. इथे आल्यावर फोटो काढला तेव्हा कळलं. तोवर ती वाकडी जुळली होती. थंडीत दुखतं, जड ट्रे डाव्या हातानं उचलते. खेळते अजून. कारखान्याचा संघ आहे, बायकांचा. फ्री थ्रो डाव्या हातानं घेते, दहातले सात जातात. आधी उजव्यानं आठ जायचे.

गोटीवर रागवू नका. मी तिला नऊ वर्षं गप्प ठेवलं तेच खूप झालं.

आता एक सांगायचं आहे आणि ते मला कसं लिहावं कळत नाहीये, म्हणून सरळ लिहिते. त्या बुधवारी मी बाजारात आलेच नव्हते. संघाचं निळं जाकीट बाराजणींकडे होतं. वाण्याच्या दुकानासमोर कोण उभी होती ते मला माहीत नाही. मी घरी होते, गरम पाण्याच्या पिशवीनं हात शेकत बसले होते. टपरीवर तुम्ही काय बोललात ते मी ऐकलं नव्हतं, आणि मला कुणी येऊन सांगितलंही नव्हतं. सांगणारेही बहुतेक शरमले असतील. ते मी परवा वाचलं, तुमच्याच अक्षरात.

म्हणजे तुम्ही नऊ वर्षं समजत होतात की मी त्यासाठी गेले. नाही. मी गेले ते जेवणाच्या पाटावरून.

रविवारी परत आल्यापासून पुढचे सात-आठ दिवस मी डाव्या हातानं जेवले. सकाळ-संध्याकाळ. उजवा मांडीवर ठेवायचे, मनगट पपईएवढं झालं होतं. तुम्ही समोर बसून जेवत होतात, भिंतीबद्दल बोलत होतात. चुन्यातून लाल कसं वर येतंय ते सांगत होतात. रस्त्यापलीकडच्या पाटीवरचा एक काना कलला असेल तर तुम्हाला सायकलवरून जाताना दिसतो. मी रोज वाट बघायचे की आज विचारतील. मी सांगणार नव्हते, कारण सांगितलं असतं तर भिंत तुमच्यामुळे, शिडी तुमची, हात माझा, असं सगळं तुमच्या अंगावर आलं असतं, आणि लोक आधीच तुम्हाला सोडत नव्हते. पण तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. आठव्या दिवशी तुम्ही म्हणालात, "डाव्या हातानं जेवायची ही नवीन काय नाटकं?" आणि ताट घेऊन उठलात.

एवढंच होतं. ते तुम्हाला आठवत नाही हे मला पत्रावरून कळलं. मला त्याचं वाईट वाटत नाही आता. वाटायचं ते वाटून झालं.

पण टपरीचं मात्र नवीन आहे. परवापासून मी त्याच्यावर रागावलेली आहे. कारखान्यात कणकेच्या यंत्रापाशी उभी असते आणि मध्येच आठवून रागावते. शेजारची विचारते काय झालं, मी म्हणते काही नाही, बाबांचं पत्र आलंय. हा राग मला नऊ वर्षांपूर्वी मिळायला हवा होता, तेव्हा मी तो तिथल्या तिथे काढला असता, तुम्ही ओरडला असतात, मी ओरडले असते, आणि रात्रीचं जेवण झालं असतं.

दोन ओळी पाठव म्हणालात, या खूपच झाल्या. ओळी आल्या म्हणजे नको असं समजू नका. आठ तारखेला माझी दुपारची पाळी होती, ती बदलून घेतलीये. पायरीवर बसायची गरज नाही, दार उघडं असेल. आल्या आल्या माफी मागू नका, ती तिसऱ्या पत्रात पोचली. आधी हातपाय धुवा, जेवून घ्या. मग मी समोर बसते, आणि मला जेवढं रागवायचंय तेवढं तुमच्या तोंडावर रागावते.

बुटकी